जुनी गाडी घेतल्यानंतरचे पहिले तीन महिने

मी पहिली सेकंडहँड गाडी घेतली तेव्हा तिचं वय दहा वर्षं होतं आणि मीटरवर फक्त ३८,००० किलोमीटर होते. आधीचे मालक निवृत्त गृहस्थ, गाडी कायम शेडमध्ये, सर्व्हिसची पुस्तिका जपून ठेवलेली. इतकी कमी चाललेली गाडी मिळाली म्हणून घरात सगळे खूश होते. चौथ्या आठवड्यात आईला घेऊन साताऱ्याला निघालो आणि खंबाटकीचा घाट चढताना बोनेटमधून वाफ यायला लागली. इंजिन आणि रेडिएटर जोडणारा वरचा रबरी होज क्लॅम्पजवळ बोटभर फाटला होता. मेकॅनिकनं तो काढून माझ्या हातात दिला. वरून काळाभोर, नवा वाटावा असा. अंगठ्यानं दाबला, तर शिळ्या पापडासारखा कडकन तडा गेला.

रबर, ऑइल, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आणि ब्रेक ऑइल नुसत्या किलोमीटरवर म्हातारं होत नाही, वर्षांवरही होतं. गाडी शेडमध्ये उभी असली तरी होज वाळतो, ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढत राहतं आणि टायर कडक होतात. म्हणून जुनी गाडी घेतली की मीटरचा आकडा बाजूला ठेवा आणि कोणती गोष्ट किती वर्षांची आहे ते शोधायला लागा. पुढे जे लिहिलं आहे ते आठ ते पंधरा वर्षं वयाच्या छोट्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. अल्टो, वॅगन आर, सँट्रो, आय-टेन, स्विफ्ट अशा.

पहिला आठवडा: फक्त बघा आणि लिहा

एक शंभर पानी वही घ्या आणि गाडीतच ठेवा. पहिल्या पानावर तारीख आणि मीटरचा आकडा. त्यापुढे जे काही बदललं, भरलं, जाणवलं ते सगळं त्यात. सहा महिन्यांनी हीच वही तुम्हाला कूलंट किती कमी होतंय, ॲव्हरेज कधीपासून पडलं, बॅटरी कधी बसवली ते सांगेल. मालकाचं पुस्तक, म्हणजे ओनर्स मॅन्युअल, ग्लोव्ह बॉक्समध्ये नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर बघा, बऱ्याच मॉडेल्सचं मिळतं. कोणतं ऑइल, किती लिटर, प्लग कोणता, टायरमध्ये हवा किती, या प्रश्नांवर शेजारी, भाऊ आणि गॅरेजवाला तिघेही वेगळं सांगतील. पुस्तकातलं धरा.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा. गाडी सपाट जागी हवी. डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढा, फडक्यानं पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. काळं दिसलं म्हणून घाबरू नका, चाललेलं ऑइल काळंच होतं. मात्र दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं दिसलं तर त्यात कूलंट मिसळतंय असं समजा. हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा वरचा आणि खालचा भाग यांच्यामधलं सील, गेलेलं असू शकतं, अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका. ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला थंडीत जरासा पिवळट फेस दिसतो, तो रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांमुळे साचलेल्या वाफेचाही असतो. डिपस्टिक स्वच्छ असेल तर एवढ्यानं निष्कर्ष काढू नका.

रात्री गाडी लावताना इंजिनाखाली कार्डबोर्डचा मोठा तुकडा पसरून ठेवा, फ्रिजच्या खोक्याचा मिळाला तर उत्तम. सकाळी डाग बघा. तपकिरी-काळा डाग इंजिन ऑइलचा. हिरवा किंवा गुलाबी, बोटांना किंचित चिकट लागणारा, कूलंटचा. चाकाच्या आतल्या बाजूला पिवळसर, बुळबुळीत ओल असेल तर ती ब्रेक ऑइलची, आणि ती दिसली तर गाडी जागेवरून हलवायची नाही. डाव्या बाजूला नुसतं स्वच्छ पाणी पडलं असेल तर ते बहुतेक एसीचं, त्याची काळजी नको. हा तुकडा मी अजूनही दर दोन महिन्यांनी एकदा पसरतो.

कागदांचं थोडक्यात सांगतो. आरसीवर आपलं नाव चढवणं आणि विमा आपल्या नावावर करणं ही दोन्ही कामं याच आठवड्यात सुरू करा. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तेवढे पैसे जास्त लागतील हे धरून चला. गाडीवर कर्जाचा बोजा किंवा थकलेली चलनं आहेत का ते परिवहनच्या पोर्टलवर कळतं. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर आरटीओत गाडी दाखवून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. तेरा वर्षांची गाडी घेत असाल तर हा खर्च दोन वर्षांवर उभा आहे.

दुसरा आठवडा: सगळी ऑइलं नव्यानं

आधीचा मालक काहीही सांगो, शेवटचं ऑइल कधी बदललं याची पावती हातात नसेल तर ते बदललेलंच नाही असं समजा. इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर एकत्रच बदलायचे. गॅरेजमध्ये करून घ्या, पण तिथे उभे राहा. जुनं ऑइल इंजिन कोमट असताना काढलं तर गाळासकट नीट निघतं. ड्रेन प्लगचा वॉशर नवा टाकायला सांगा, पाच-दहा रुपयांची वस्तू आहे आणि जुनाच वापरला की थेंब-थेंब गळती सुरू होते. नवा फिल्टर बसवण्याआधी त्याच्या रबरी रिंगला बोटानं ऑइल लावतात आणि मग तो हातानंच आवळतात. पान्ह्यानं ठासून बसवलेला फिल्टर पुढच्या वेळी निघत नाही.

गिअर ऑइल लोक हमखास विसरतात. दहा-बारा वर्षं तेच ऑइल असलेला गिअरबॉक्स मी पाहिला आहे, आतून निघालं ते डांबरी राखाडी पाणी होतं. बदलल्यावर सकाळी थंड गाडीत पहिला-दुसरा गिअर अडायचा तो अडेनासा झाला.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी चालो न चालो. ते ओलावा शोषतं, आणि ओलावा शोषलेलं ऑइल लवकर उकळतं. सपाट रस्त्यावर हे कळतच नाही. वरंध किंवा आंबा घाट उतरताना सतत ब्रेक दाबून ठेवला, ऑइल उकळून त्यात वाफ झाली की पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. नवं ऑइल भरलेलं असलं तरी घाट उतरताना गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्येच ठेवा, ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्यातच उतरायचं. ऑइल डॉट ३ प्रतीचं घ्यायचं की डॉट ४, ते मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे बोनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीच्या, झाकणावर लिहिलेलं असतं.

कूलंटवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण जुन्या गाड्यांची इंजिनं सगळ्यात जास्त इथेच मरतात. रेडिएटरचं झाकण थंड इंजिनावर उघडून आत बघा. तांबूस, गढूळ पाणी दिसलं तर कोणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलं आहे. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार खूप, ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत पांढऱ्या थरासारखे जमतात, आणि साध्या पाण्यानं आतून गंजही धरतो. सगळं काढून, शुद्ध पाण्यानं दोन-तीनदा धुऊन, मग कूलंट भरा. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. घट्ट कूलंट असेल तर डब्यावरच्या प्रमाणात डिमिनरलाइज्ड पाणी, म्हणजे बॅटरीत घालतो तसलं, मिसळायचं.

भरताना आत हवा राहते, ती काढली नाही तर नवं कूलंट भरूनही गाडी गरम होते. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा. काठोकाठ भरलं की इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा आणि वरचा होज मधूनमधून हातानं दाबत राहा. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, पुन्हा भरा. होज चटका द्यायला लागेपर्यंतच हे करायचं, मग झाकण लावून टाका. रेडिएटरचा पंखा निदान दोनदा आपोआप लागून बंद होईपर्यंत गाडी तशीच चालू ठेवा. पंखा लागलाच नाही तर इंजिन बंद करा आणि आधी पंख्याचा फ्यूज, रिले, सेन्सर तपासा. गाडी पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा पातळी बघा.

एक गोष्ट ठामपणे नाकारा. गाडी गरम होते म्हटल्यावर काही गॅरेजांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व, काढूनच टाकतात, ‘वॉल्व काढला, आता गाडी कधी तापणार नाही’ असं सांगून. थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापमानाला यायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, आणि तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं. खराब असेल तर नवा बसवा. रेडिएटरचं झाकणही त्याच वेळी नवं घ्या. त्याची स्प्रिंग ढिली पडली की आतला दाब टिकत नाही आणि कूलंट लवकर उकळतं.

रबर, एकेक करून

होज बघायचे ते थंड इंजिनावर. दाबल्यावर लाकडासारखा कडक किंवा उलट भिजलेल्या पोळीसारखा पिचपिचीत लागला तर बदला. क्लॅम्पच्या जवळ फुगलेला असेल तर आजच बदला. वरचा, खालचा आणि हीटरकडे जाणारे दोन असे सगळे एकदम बदलून घ्या. एक फाटला म्हणजे बाकीचेही त्याच वयाचे आहेत.

इंजिनाच्या बाजूला दिसणारा बेल्ट जरासा पिळून त्याची आतली बाजू बघा, हे इंजिन बंद ठेवूनच. आडव्या भेगा दिसल्या तर त्याची वेळ झाली. टायमिंग बेल्ट मात्र झाकणाच्या आत असतो आणि तो तुटला तर गाडी आहे तिथे थांबते, काही इंजिनांत वॉल्वही वाकतात. ७९६ सीसीची अल्टो आणि जुनी सँट्रो यांना टायमिंग बेल्ट आहे, मारुतीच्या के-सिरीज इंजिनांना चेन. आपल्या गाडीला काय आहे ते आधी माहीत करून घ्या. बेल्ट असेल आणि बदलल्याची पावती नसेल तर टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणारी पुली) नवा टाका, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर तोही याच वेळी बघून घ्या, कारण मजुरी तीच लागते.

टायरच्या बाजूवर DOT या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३५१७ असेल तर २०१७ सालचा ३५वा आठवडा. बऱ्याचदा ही पूर्ण ओळ टायरच्या आतल्या बाजूला येते, खाली वाकून टॉर्चनं बघावं लागतं. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर मी हायवेवर नेत नाही. स्टेपनीचेही आकडे बघा. माझ्या गाडीची स्टेपनी गाडीइतक्याच वयाची निघाली.

पेट्रोलच्या रबरी पाइपांकडे आता खास लक्ष द्यायला हवं. पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या गाड्यांचे पाइप, सील त्यासाठी बनवलेले नव्हते. टाकीकडून इंजिनाकडे येणाऱ्या रबरी तुकड्यांना तडे, ओल किंवा पेट्रोलचा वास जाणवला तर इथेनॉल सोसणारे, इंजेक्शन गाडीचा दाब झेलणारे नवे पाइप टाका. साधा कार्बोरेटरचा पाइप इथे चालत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल तसंच पडून राहू देऊ नका, इथेनॉल पाणी ओढतं.

बाकी रबर आवाजातून बोलतं. स्पीड ब्रेकरवरून हळू जाताना पुढून ‘खट’ आवाज आला तर सस्पेन्शनमधले लोअर आर्मचे बुश किंवा लिंक रॉड. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना ‘कटकटकट’ आलं तर सीव्ही जॉइंट, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकाला पोचवणारा सांधा, आणि तो बहुतेक वेळा त्याचं रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटून ग्रीस उडून गेल्यामुळे जातो. बूट फाटल्याचं वेळेत कळलं तर काम थोडक्यात भागतं. वेगाबरोबर वाढत जाणारी घूंऽऽ अशी घरघर चाकाच्या बेअरिंगची. उभ्या गाडीत सिग्नलला सीट थरथरत असेल तर इंजिनाचे माउंटिंग तपासा.

मेकॅनिककडे जाताना

कोणता पार्ट बदलायचा हे तुम्ही सांगू नका, काय होतंय ते सांगा. ‘दादा, शॉकअप बदला’ म्हणालात तर तो शॉकअप बदलून देईल आणि आवाज तसाच राहील. ‘दादा, थंड गाडीत, डावीकडे वळताना, वीसच्या वेगाला पुढून आवाज येतो’ असं सांगा आणि त्याला शेजारी बसवून एक फेरी मारा. दोष शोधताना एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि दोन दिवस चालवून बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या की दोष कशात होता ते कधीच कळत नाही.

काढलेला पार्ट परत मागून घ्या. भांडणासाठी नाही, शिकण्यासाठी. सैल झालेला बॉल जॉइंट एकदा हातात धरून हलवून पाहिला की ‘प्ले आहे’ म्हणजे काय ते जन्मभर लक्षात राहतं. सुटे भाग स्वतः आणायचे असतील तर पुण्यात नाना पेठ आहे. पण दुकानात जाताना जुना पार्ट किंवा चासी नंबर सोबत न्या, एकाच मॉडेलमध्ये वर्षागणिक भाग बदलतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शनचे भाग कंपनीचे किंवा नावाजलेल्या बनावटीचेच घ्या. आरसा, डोअर हँडल, ट्रिम असल्या गोष्टी भंगार बाजारातून आणल्या तरी चालतात.

गाडी कधी चालू होत नाही, कधी दिवे मंद, कधी चेक इंजिनचा दिवा लागतो, अशा विजेच्या तक्रारींवर सेन्सर बदलण्याआधी बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि इंजिनाला जाणारी अर्थची वायर साफ करा. साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.४. चालू गाडीतही १२ च्या घरातच राहिली तर नवी बॅटरी घेऊ नका, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर दाखवा. टर्मिनल सोडवताना आधी मायनस काढायचा, जोडताना मायनस शेवटी.

जॅकबद्दल एकदाच सांगतो आणि हे अगदी मनापासून. गाडीतला जॅक फक्त चाक बदलण्यासाठी आहे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकंच काय, हातही घालू नका. खाली काम करायचं असेल तर स्टँड घ्या, चाकांना अडण लावा, किंवा सरळ गॅरेजच्या रॅम्पवर जा.

पावसाळ्याआधी

मे महिन्यात एक रविवार राखून ठेवा. काचेच्या खाली, वायपरच्या जाळीत साचलेली पानं हातानं काढा. तिथली पाण्याची वाट तुंबली की पाणी आत पायाशी उतरतं. चारही दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, ती बारीक काडीनं मोकळी करा. सगळे मॅट आणि शक्य असेल तिथे त्याखालचं कार्पेट उचलून पत्र्यावर हात फिरवा. ओल लागली तर आधी पाणी कुठून येतं ते शोधा, सुकवणं नंतर. कोकणात राहत असाल किंवा समुद्रावर जाऊन आला असाल तर गाडी खालून गोड्या पाण्यानं धुवून घ्या. खारी हवा आणि वाळू चाकाच्या कमानीच्या आत बसते आणि पत्रा आतून सडतो, बाहेरचा रंग चकचकीतच असतो. दाराच्या खालच्या पट्टीवर आणि जॅक लावायच्या जागी स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीनं ठोकून बघा. खणखणीत आवाज यायला हवा. फसफसला, भुगा पडला तर तिथला पत्रा संपला आहे. हे जास्त जागी आढळलं तर त्या गाडीवर मी आणखी पैसा घालणार नाही. इंजिन दुरुस्त होतं, सांगाडा सडला की त्याला सुरक्षित करणं फार अवघड.

पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर तो एक प्रयत्न कनेक्टिंग रॉड वाकवायला पुरतो. ढकलून बाहेर काढा, उचलून न्या.

उंदीर पावसाळ्यात उबेला इंजिनात येतात आणि वायरी कुरतडतात. गाडीत खाण्याचं काही ठेवू नका, एकाच जागी आठवडाभर उभी ठेवू नका, आणि एअर फिल्टरचं झाकण महिन्यातून एकदा उघडून बघा. मला तिथे कापसाचं आख्खं घरटं सापडलं होतं.

तिसरा महिना: घाट

एवढं झालं की गाडी घाटात न्या. सोबत दोन लिटर कूलंट, पाच लिटर पाणी, टॉर्च, हातमोजे, जुना पंचा. एसी लावून, नेहमीच्या वेगानं चढा. कित्येक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. काटा असेल तर त्याच्याकडे बघत चढा, नसेल तर मध्येमध्ये वास आणि पंख्याच्या आवाजाकडे लक्ष द्या. तापायला लागली तर एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, आणि पहिल्या सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद. बोनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण अर्धा-पाऊण तास उघडू नका, आतलं कूलंट दाबाखाली असतं आणि तोंडावर उसळतं. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जाऊ शकतो.

होज बदलल्यानंतर दोन महिन्यांनी मी पुन्हा आईला घेऊन खंबाटकी चढलो. वर पोचल्यावर गाडी बाजूला घेतली, बोनेट उघडून नव्या होजच्या दोन्ही टोकांजवळ टॉर्च मारला. क्लॅम्प कोरडे होते. वहीत तारीख, मीटरचा आकडा आणि ‘घाट चढली, गळती नाही’ एवढं लिहिलं, आणि पुढे निघालो.